दुसऱ्याच्या देवाच्या दारीं

आमचें लोणंद महाराष्ट्रास दोन गोष्टींमुळें ठाऊक आहे: एक येथील कांद्याचा बाजार आणि दुसरी पालखी. कांद्याविषयीं अभिमान बाळगण्याचें आम्हांस कांहीं कारण नाहीं. पिकविणारे निराळे, विकणारे निराळे, आणि आम्ही केवळ चिरतांना रडणारे. परंतु पालखीची गोष्ट वेगळी. आळंदीहून निघालेल्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांना नीरेचें स्नान घडतें, नदी ओलांडून सोहळा सातारा जिल्ह्यांत शिरतो, आणि या जिल्ह्यांतला त्याचा पहिला मुक्काम आमच्या गांवीं पडतो. त्या दिवशीं आमचें घर आमचें उरत नाहीं. ओटा, पडवी, माजघर, माडी, जेथें म्हणून पाठ टेकतां येईल तेथें वारकरी असतात. पिठल्याचें पातेलें एकदा चढलें कीं उतरत नाहीं. असा शेजार लाभल्यामुळें कीं काय, देव आणि भक्त यांच्याविषयीं आपल्याला इतरांपेक्षां थोडें अधिक कळतें, असें आम्ही पुष्कळ वर्षें धरून चाललों होतों.

गेल्या दहापंधरा वर्षांत पालखीबरोबर आणखी एक मंडळी गांवांत येऊं लागली आहे. हिला पंढरीस जावयाचें नसतें. ती वारी करीत नाहीं, वारी पाहते. सकाळीं पुण्याहून मोटारीनें यावें, चांदोबाच्या लिंबाजवळचें उभें रिंगण पाहावें, चारदोनशें फोटो घ्यावे आणि रात्रीं घरीं जाऊन झोपावें, असा तिचा क्रम असतो. या मंडळींविषयीं आम्ही फार कडक. एका वर्षीं असाच एक तरुण आमच्या ओट्यावर चढला आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका म्हातारीला, "आजी, जरा उजेडाकडे सरका," असें सांगूं लागला. आम्हीं त्याला ओट्यावरून खालीं उतरविलें, आणि उतरवितांना चार शब्दहि सुनावले. ही हकीकत पुढें आम्हीं अनेकांना अनेकदां ऐकविली आहे. ऐकणारांनीं माना डोलविल्या आहेत. तेव्हां पुढें जें सांगावयाचें आहे तें वाचतांना वाचकांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी, अशी आमची विनंति आहे.

२०२३ च्या नाताळांत मुलांना सुटी पडली आणि घरांत गोव्याचा विषय निघाला. आमच्या कुटुंबास समुद्र पाहावयाचा होता. चिरंजीवांस समुद्रांत डुंबावयाचें होतें. आम्हांस, खरें सांगावयाचें तर, चार दिवस कोणीहि कांहीं न विचारतां पडून राहावयाचें होतें. प्रश्न होता तो आईचा. आईनें आळंदी ते पंढरपूर अशी पायीं वारी एकवीस वर्षें केली. मग गुडघ्यांनीं दगा दिला. पहिल्या वर्षीं ती फलटणपर्यंत गेली व परतली. दुसऱ्या वर्षीं तरडगांवाहून. आणि तिसऱ्या वर्षीं चांदोबाच्या लिंबापर्यंत तिला रिक्षांतून न्यावें लागलें. त्या दिवशीं रिक्षांतून उतरल्यावर ती रिंगणाकडे पाठ करून उभी होती. शस्त्रक्रियेचें नांव काढलें कीं ती दुसरें बोलूं लागे. गोव्याचें सांगतांच म्हणाली, "मला काय तिथं समुद्रात सोडायचंय?" मंगेशीचें नांव घेतलें तेव्हां कुठें ती तयार झाली.

साताऱ्याहून रात्रीची गाडी धरली. मिरजेच्या अलीकडे डबे उघडले. लोंढ्याच्या पुढें घाट उतरत असतां मुलांनीं दूधसागर पाहण्यासाठीं काचेला नाकें लावलीं, पण बाहेर काळोख होता. दोन दिवस समुद्रकांठीं गेले. तिसऱ्या दिवशीं, गोव्यास गेलेला प्रत्येक मनुष्य करतो तेंच आम्हीं केलें: एक मोटार ठरविली, आणि जुनें गोवें, तेथील देवालयें, मग बाजार, असा एका दिवसाचा बेत आंखला. त्या बेतांत संत फ्रान्सिस झेवियरच्या वाट्यास पाऊण तास आला होता.

बाँ जेझूसच्या बासिलिकेसमोर उतरलों तेव्हां पहिली गोष्ट मनांत आली ती ही कीं, हें आपल्या ओळखीचें आहे. गोव्यांतलीं इतर चर्चें पांढरींशुभ्र. हिला मात्र गिलावा नाहीं. तो गेल्या शतकाच्या पांचव्या दशकानंतर काढून टाकला, आणि आंतला जांभा उघडा पडला. तोच जांभा आमच्या महाबळेश्वर-पांचगणीच्या माथ्यावर आहे. दुसरी ओळखीची गोष्ट म्हणजे गर्दी. नाताळची सुटी असल्यामुळें मोटारींची रांग लागली होती. डोक्यावर गवती टोप्या, अंगांत फुलाफुलांचे सदरे आणि हातांत फोन असे शेंकडों लोक दाराकडे सरकत होते. त्यांतच, त्या लोंढ्याला जणूं न पाहतां, साडी नेसलेल्या कांहीं स्त्रिया मेणबत्त्या घेऊन शांतपणें चालल्या होत्या. कोण पाहण्यास आलें आहे आणि कोण भेटीस, हें ओळखण्यास लोणंदकराला वेळ लागत नाहीं. आपण कोणांत, हा प्रश्न मात्र त्या क्षणीं आम्हांस सुचला नाहीं.

वाटेवर फुलें व मेणबत्त्या विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. एकीपुढें मेणाचे हात, पाय, डोळे, लहान बाळें, अशा आकृति मांडलेल्या. आई तेथें थबकली.

"हे पाय कशाला रे?"

ज्याचें जें दुखत असेल त्याची तशी आकृति वाहावयाची, असा नवस असतो, असें आम्हीं तिला सांगितलें, आणि सांगून चूक केली असें लगेच वाटलें. कारण आईनें कमरेचा बटवा काढला होता. विकणारीनें तिच्याकडे पाहिलें, आपल्याच गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलें, "दुखता?" आईनें मान डोलविली. या दोघींना एकमेकींची भाषा पुरतेपणीं येत नव्हती, पण गुडघ्यांविषयीं त्यांचें संभाषण बराच वेळ चाललें. मग आईनें सवयीनें चपला काढल्या. येथें चपला काढण्याची रीत नाहीं, असें आम्ही म्हणत आहों तों ती बाई म्हणाली, "व्हाणो हांगा दवर गे माय, हांव पळयतां." पालखीच्या दिवशीं ओट्याखालीं ओळीनें लागलेल्या वारकऱ्यांच्या वहाणांवर आमची आईहि अशीच डोळा ठेवून बसते.

आतां आमच्यांतील सुशिक्षित मनुष्य जागा झाला. प्रियोळकरांचें गोव्याच्या इन्क्विझिशनवरचें पुस्तक आम्हीं वाचलेलें आहे, आणि वाचलेलें स्वस्थ बसूं देत नाहीं. आईला आम्हीं बाजूला घेतलें. हा साधु १५०६ सालीं स्पेनकडील नाव्हारमध्यें जन्मला, १५४२ सालीं गोव्यास आला, रोग्यांची सेवा केली, रस्त्यानें घंटा वाजवीत फिरून मुलांना गोळा करून शिकविलें, दहाच वर्षांत मलाक्का, मोलुक्का बेटें, जपान पालथीं घातलीं आणि ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर मरण पावला. हें सर्व खरें. पण याच साधूनें १५४६ सालीं पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून गोव्यासाठीं इन्क्विझिशन मागितलें होतें. तें धर्मन्यायासन त्याच्या मृत्यूनंतर, १५६० सालीं, येथेंच, या समोरच्या कॅथीड्रलच्या चौकांत थाटलें गेलें. मध्यंतरींचीं चार वर्षें सोडतां १८१२ पर्यंत तें चाललें. देवळें पाडलीं गेलीं, घरांत तुळस ठेवणें हा गुन्हा झाला. ज्या गांवांतल्या देवळांत आपण जाणार आहों तो मंगेश मूळचा त्या गांवचा नव्हेच. त्याला कुशस्थळीहून लपवून नदीपलीकडे न्यावें लागलें. शांतादुर्गेचेंहि तसेंच.

आईनें सगळें ऐकून घेतलें. तुळशीचें ऐकून तिच्या चेहऱ्यावरची रेषा बदललेली आम्हांस दिसली. मग तिनें विचारलें, "देव नेणारे ते लोक कोण होते?"

"साधेच. गांवकरी."

"आणि नदीपलीकडच्यांनी जागा दिली?"

"दिली. फोंडें तेव्हां पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर होतें."

"बरं केलं त्यांनी," आई म्हणाली. आणि मेणाचे पाय पदराखालीं धरून दाराकडे चालूं लागली. आमच्या व्याख्यानाचा परिणाम काय झाला, हें आम्हांस आजवर नीटसें कळलेलें नाहीं.

आंत शिरल्यावर बाहेरचा गलबला एकदम ओसरतो. १५९४ सालीं बांधावयास घेतलेली ही वास्तु १६०५ मध्यें पुरी होऊन अभिमंत्रित झाली. समोर सोन्याच्या मुलाम्याची भव्य वेदी आहे, आणि तिच्या उजव्या अंगास संताची समाधि. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानें ती पाठविली. फ्लॉरेन्सचा शिल्पी फोज्जीनी तिच्यावर दहा वर्षें खपला, आणि १६९८ मध्यें संगमरवराचे तुकडे येथें आणून जोडले गेले. त्याच्या डोक्यावर चांदीची पेटी आहे, ती मात्र गोव्याच्या सोनारांची, साठएक वर्षें आधींची. इटलीचा दगड खालीं आणि कोंकणी चांदी वर! पेटी इतकी उंचावर कीं आंतला देह नीट दिसत नाहीं. दर दहा वर्षांनीं ती खालीं आणून दर्शनास ठेवतात. आमच्या भेटीनंतरच्या वर्षीं, २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत, असें अठरावें प्रदर्शन झालें. देह पुराहि नाहीं. उजव्या हाताचा भाग १६१४ मध्यें रोमला नेला गेला.

या पेटीशीं आम्हां सातारकरांचें एक जुनें नातें आहे. नोव्हेंबर १६८३ मध्यें संभाजी महाराजांच्या सैन्यानें पलीकडचें जुवें बेट घेतलें आणि राजधानीचा थरकांप उडाला. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर प्रतिकारास गेला तो जखमी होऊन परतला. तेव्हां त्यानें या संताची शवपेटी उघडविली, आपला अधिकारदंड त्याच्या हातीं दिला आणि गोवें राखण्याची प्रार्थना केली. पुढें मराठे माघारे गेले. गोंयकार म्हणाले, सायबानें राखलें; आमचे इतिहासकार म्हणतात, शाहआलमची मोंगली फौज घाटांतून उतरत होती म्हणून जावें लागलें. त्यानंतरचे व्हाइसरॉय अधिकार घेतांना दंड याच समाधीपाशीं येऊन घेत. म्हणजे आम्ही आज ज्याच्या दाराशीं उभे होतों तो आमच्याविरुद्ध उभा केलेला सेनापति होता! हा विचार आम्हांस फार गंमतीचा वाटला, आणि पेटीचा एक फोटो घ्यावा असें मनांत आलें.

समाधीसमोर गुडघे टेकून एक वृद्ध स्त्री प्रार्थना करीत होती. तिचें डोकें नेमकें पेटीच्या रेषेंत येत होतें. आम्ही एकदा डावीकडे झालों, एकदा उजवीकडे, जमेना. मागून गर्दीचा रेटा होता. आमच्या पाऊण तासापैकीं बराचसा सरला होता. तेव्हां आम्हीं फोन उंच धरला आणि दुसऱ्या हातानें तिला किंचित् बाजूस होण्याची खूण केली.

ती लगेच सरकली. पण जशी माणसें फोटोसाठीं सरकतात तशी नव्हे. तिनें आमच्याकडे पाहिलें, हंसली, आणि आपल्या शेजारची जागा तळव्यानें दाखविली. आम्हांला तेथें गुडघे टेकावयाचे आहेत, असा तिचा समज झाला होता.

आमचा हात तसाच वर राहिला. आम्ही खालीं बसलों नाहीं. बसलों असतों तर तेंहि खोटेंच झालें असतें, आणि तिच्या चांगुलपणाचा तो दुसरा अपमान ठरला असता. फोन खिशांत घातला आणि मान खालीं घालून कांहीं वेळ उभे राहिलों. "आजी, जरा उजेडाकडे सरका," हे शब्द कोणीतरी कानांत उच्चारीत आहे असें वाटत होतें. तो तरुण आम्हीं ओट्यावरून उतरविला होता. येथें आम्हांला उतरविणारें कोणी नव्हतें, उलट बसावयास जागा दिली होती. आम्ही रिकामी केलेली जागा क्षणभर तशीच राहिली. मग मागून आई आली, अनवाणी, एका हातानें बांकाचा आधार घेत. तिला खालीं बसणें शक्य नव्हतें. ती त्या स्त्रीच्या बाजूस उभी राहिली आणि आळंदीला जोडते तसेच हात जोडून तिनें डोळे मिटले.

मेणाचे पाय तिनें बाहेर मेणबत्त्या लावतात तेथें ठेवले. त्या उष्णतेनें ते थोड्याच वेळांत वांकूं लागले. चपला जागच्या जागीं होत्या, जुळवून ठेवलेल्या.

दुसऱ्या दिवशीं मंगेशीस गेलों. तेथेंहि तशीच गर्दी, तसेच फोन. दीपमाळेपुढें उभे राहून लोक हंसत होते. त्यांच्यांत पुष्कळ आदल्या दिवशीं बासिलिकेंत दिसलेले चेहरे होते, निदान आम्हांस तसा भास झाला. आईनें देवाला दंडवत घातलें तें उभ्यानेंच, आणि पुजाऱ्याला विचारलें कीं, देव आला तेव्हां पहिली पूजा कोणीं केली. तो बिचारा घाईंत होता.

परतीच्या गाडींत आम्ही बराच वेळ जागे होतों. एका हातानें देवळें पाडलीं गेलीं, आणि त्याच काळांत त्याच संघाचा फादर स्टीफन्स हा इंग्रज साष्टींत बसून मराठी ओव्या रचीत होता. त्याचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोलला छापलें गेलें. ज्या ओवींत आमचे वारकरी माउलीला आळवितात त्याच ओवींत त्यानें येशूची कथा सांगितली. या दोहोंपैकीं एक गोष्ट आठवून दुसरी विसरणें सोपें आहे, आणि बहुतेक लोक आपापल्या सोयीप्रमाणें तसें करतात. आम्हांला आतां तें साधत नाहीं. न्यायासनाचीं दोनअडीचशें वर्षें आईच्या मेणाच्या पायांनीं पुसलीं जात नाहींत; तीं पुसावीं असें कोणीं म्हणूंहि नये. पण ज्या बाईनें चपला सांभाळल्या आणि जिनें सरकून जागा दिली, त्यांच्याकडून त्या वर्षांचा हिशेब आम्हीं मागावयाचा तरी कोणत्या तोंडानें? त्यांचे पूर्वजहि त्याच न्यायासनाच्या धाकाखालीं जगले. त्याच्यापुढें उभे केलेल्यांत नव्यानें ख्रिस्ती झालेलेच पुष्कळ होते.

वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली तेव्हांच्या लुटींतली ती. तिच्यावर १७०७ हें साल आहे, आणि बाळाला घेतलेली मेरीहि. लहानपणीं आम्हीं ती मनसोक्त बडविली आहे. ती कोणत्या चर्चमधून आली, तिच्यावांचून तेथल्या लोकांनीं काय केलें, हा प्रश्न कृष्णेच्या कांठीं आम्हांस कधीं पडला नव्हता. गाडी मिरजेच्या जवळ येत असतां प्रथमच पडला.

पुढल्या आषाढाच्या तोंडाशीं पालखी आली. मेणाच्या पायांनीं गुण आला नाहीं, हें येथें नमूद करणें भाग आहे. आईचे गुडघे होते तसेच आहेत. या खेपेस तिनें चांदोबाच्या लिंबापर्यंतहि जाण्याचा आग्रह धरला नाहीं. ओट्यावर खुर्ची टाकून बसली, आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वहाणांकडे लक्ष ठेवीत होती. तेथें गोव्यांत तूं काय मागितलेंस, असें आम्हीं तिला एकदा विचारलें. ती म्हणाली, "तुला काय करायचंय?" आणि तें योग्यच होतें.

दुपारीं एक शहरी मुलगी गळ्यांत कॅमेरा अडकवून ओट्याच्या पायरीवर चढली. पडवींत एक वारकरी आजोबा टाळ उशाशीं घेऊन झोंपले होते. त्यांच्यावर तिरपें ऊन आलें होतें. तिनें कॅमेरा उचलला. आमच्या जिभेवर जुने चार शब्द तयार होतेच. ते आम्हीं गिळले, ओट्यावर थोडे सरकलों आणि म्हटलें, "बसा. चहा होतोय."

ती गोंधळली, पण बसली. आईनें तिला कुठली, काय, विचारलें. चहा झाला. आजोबा जागे झाले, आणि तिला स्वतःच्या नातीच्या शाळेविषयीं सांगूं लागले. मग तिनें त्यांचा फोटो काढला तो काढलाच, आणि आम्हांला थोडा रागहि आला. इतक्या वर्षांची सवय एका फेरीनें जात नाहीं. मात्र काढण्यापूर्वीं तिनें आजोबांना विचारलें, आणि निघतांना पायरीखालीं विस्कटलेल्या वहाणा आईबरोबर जुळवून ठेवूं लागली.